भिंगरीची हाडं

भिंगरी हे काही तिचं खरं नाव नव्हे. शाळेच्या मैदानावर सायकलच्या शर्यती लागल्या होत्या तेव्हा शेजारच्या काकूंची सायकल मागून ती शर्यतीत उतरली. सायकल मोठी, पोरगी एवढीशी. सीटवर बसलं तर पाय पोचेनात, म्हणून उभ्या उभ्याच पेडल मारत ती मोठमोठ्या मुलांच्या पुढे निघून गेली. बघ्यांमधून कोणीतरी ओरडलं, "अरे, पोरगी आहे का भिंगरी!" झालं. त्या दिवसापासून गल्लीत, वर्गात आणि पुढे घरातसुद्धा ती भिंगरीच झाली.

घरात दोनच माणसं, ती आणि आई. वडील तिच्या आठवणीत एका खोकल्यापुरतेच उरले होते. आई एका मोठ्या इस्पितळाच्या धुलाईखान्यात कामाला होती. इस्पितळाच्या तळघरात ती लांबच लांब खोली. एका बाजूला माणूस आत उभा राहील एवढी धुण्याची यंत्रं, दुसऱ्या बाजूला चादरी इस्त्री करणारे गरम रूळ, आणि मधे ओल्या चादरींचे ढीग. ओली चादर कोरड्या चादरीच्या तिप्पट जड. असे गठ्ठेच्या गठ्ठे आई यंत्रातून उपसायची, गाडीवर टाकायची, गाडी ढकलत रुळांपर्यंत न्यायची. संध्याकाळी घरी आली की तिचे हात कोपरापर्यंत लाल असायचे आणि अंगाला साबणाचा वास. भिंगरीने लहानपणीच ठरवून टाकलं होतं, आपण या तळघरात उतरायचं नाही.

त्या शर्यतीच्या दिवशी मैदानावर सर होते. हे सर शाळेतले नव्हेत. शहराच्या टोकाला सायकलस्वारांसाठी बांधलेला सिमेंटचा लंबगोल ट्रॅक होता, दोन्ही वळणांवर भिंतीसारखा उभा चढत गेलेला. तिथे ते मुलींना तयार करायचे. स्वतः एके काळचे शर्यतवीर. अंगाने काटक, बोलायला तुटक, गळ्यात शिट्टी. ते आईला येऊन भेटले आणि म्हणाले, "बाई, तुमची मुलगी माझ्याकडे द्या. हिच्या पायात काहीतरी आहे."

आईने चहा पुढे केला आणि विचारलं, "खर्च?"

"सायकल माझी. बूट माझे. तुम्ही फक्त तिला पाठवा."

सरांनी शब्द पाळला, हे भिंगरी पुढे कधीच विसरली नाही. पहिले बूट त्यांनी स्वतः आणून दिले, स्वतः खाली बसून तिच्या पायात घालून बघितले. वडील असते तर एवढंच केलं असतं असं तिला वाटलं. पुढची कितीतरी वर्षं सरांनी मान हलवली की तिचा दिवस सोन्याचा व्हायचा.

ट्रॅकच्या दारातच वजनकाटा होता. आत शिरलं की आधी काटा, मग सायकल. सर ओरडायचे नाहीत, चिडायचे नाहीत. काट्याकडे बघायचे आणि एखादीला नुसतं म्हणायचे, "चढावर हे सगळं मानगुटीवर बसणार आहे हं तुझ्या." ती मुलगी त्या दिवशी जेवायची नाही. भिंगरीला त्यांनी हे एकदाच ऐकवलं. पुन्हा ऐकवायची वेळ तिने येऊ दिली नाही. भूक लागली की ती पाणी प्यायची, आणि आईने वाढलेलं पान डब्यात परत टाकून ताट ओलं करून ठेवायची. सकाळी रस्त्यावर लांबच्या फेऱ्या, दुपारी ट्रॅक, आणि मधल्या वेळेत पाय वर करून पडून राहायचं. सर सांगायचे, "खेळाडूने बसता येतं तिथे उभं राहू नये आणि झोपता येतं तिथे बसू नये. पाय फक्त सायकलसाठी." त्यामुळे ती पायी कुठे जाईनाशीच झाली. कोपऱ्यावरच्या दुकानात जायचं तरी सायकल.

"एवढी राबतेस आणि चिमणीएवढं खातेस," आई म्हणायची. "अंगात येतं कुठून तुझ्या?"

"हवेतून," ती हसून सांगायची.

सतराव्या वर्षी तिची पाळी थांबली. एक महिना गेला, दोन गेले. संघातल्या एका मोठ्या मुलीला तिने हळूच विचारलं, तर तिने पाठीवर थापच मारली. "सुटलीस की! आता सरांना सांग, खूश होतील." सरांना असलं सांगायची भिंगरीला लाज वाटली, पण त्या मुलीनेच परस्पर सांगून टाकलं. सर दुसरीकडे बघत, सायकलची साखळी पुसत म्हणाले, "होतं तसं. शरीर खऱ्या कामाला लागलं की नसते उद्योग बंद करतं. चांगली खूण आहे."

आईच्या लक्षात यायचं राहिलं नाही. दुसऱ्यांचे कपडे धुणारी बाई, घरच्या कपड्यांतलं तिला कळणार नाही का! एका रविवारी पोरीला समोर बसवून तिने आवाज खाली आणला. "खरं सांग. काही भानगड तर नाही ना?"

"भानगड करायला वेळ कुठे आहे गं आई!" भिंगरी म्हणाली, आणि दोघी पोट धरून हसल्या. आईचा जीव भांड्यात पडला. सर एवढे अनुभवी, ते म्हणतात चांगली खूण, तर चांगलीच असणार. विषय तिथेच मिटला. पुढे दहा वर्षं तिला हा प्रश्न कोणी म्हणून विचारला नाही.

ती दहा वर्षं वाईट होती असं कोणी म्हणू नये. वळणाच्या भिंतीवर चढून खाली झेपावताना कानात जो वारा भरायचा, तो भिंगरीने मनापासून भोगला. देशाच्या मोठ्या शर्यतीत ती दोनदा तिसरी आली. धुलाईखान्यातल्या बायकांनी आईला खांद्यावर उचलायचा प्रयत्न केला, आणि आईच्या वजनापुढे हात टेकून तिला गाडीवर बसवून फिरवलं.

मधे ती पडलीही. एकदा सात-आठ जणी एकमेकींवर आदळल्या. बाकीच्या कोपरं झटकत उठल्या, भिंगरीचं गळ्याजवळचं हाड मोडलं. पुढल्या वर्षी दुसऱ्या बाजूचं. "सायकलवाल्याचं हे हाड मोडायचंच," सर म्हणाले, आणि ते खरंही होतं, म्हणून कोणाला नवल वाटलं नाही. मग एका थंडीत खोकता खोकता तिच्या बरगडीत कळ आली आणि महिनाभर गेली नाही. स्नायू दुखावला असेल म्हणून तिने पट्टा बांधला आणि पट्ट्यासकट सराव केला. बरगडी मोडली होती, हे पुढे कधीतरी दुसऱ्याच कारणासाठी काढलेल्या एक्स-रेत दिसलं.

आणि मग ती सकाळ. ती सत्तावीस वर्षांची होती. दुकानातून साबण आणि पाव घेऊन बाहेर पडली, फुटपाथवरून रस्त्यावर पाय टाकला. वीतभर उंचीची पायरी. जाड पुठ्ठा वाकवून मोडावा तसा आवाज तिच्या खुब्यातून आला आणि मग ती खाली गेली. लोक म्हणाले, पडली आणि हाड मोडलं. तसं नव्हतं. हाड मोडलं म्हणून ती पडली. रस्त्यावर आडवी झालेली असताना तिला हे लख्ख कळत होतं, आणि दुखण्यापेक्षा त्याचीच जास्त भीती वाटत होती.

तिला नेलं ते आईच्याच इस्पितळात. आई तळघरातून ओल्या एप्रनसकट धावत वर आली. खुब्यात सळई आणि स्क्रू बसवले. नंतर हाडांच्या डॉक्टरीणबाईंनी एक तपासणी करायला लावली. तपासणीचा कागद हातात घेऊन त्या आल्या, कागदाकडे बघितलं, भिंगरीकडे बघितलं, आणि नाव पुन्हा एकदा वाचलं.

"वय काय म्हणालात?"

"सत्तावीस."

"मला वाटलं कागदांची अदलाबदल झाली." त्या खुर्ची ओढून बसल्या. "पाळी नियमित येते?"

"नाही येत."

"कधीपासून?"

भिंगरीने सांगितलं. डॉक्टरीणबाईंनी आईकडे बघितलं. रागाने नाही, पण आईने मान खाली घातली.

बाईंनी मग सावकाश, लहान मुलीला सांगावं तसं सांगितलं. हाड म्हणजे दगड नव्हे, ते रोज झिजतं आणि रोज भरतं. भरायला पुरेसं अन्न लागतं. पाळी चालू ठेवणारं जे शरीरातलं रसायन असतं, ते लागतं. आणि अंगाचा भार लागतो, चालण्याचा, उड्या मारण्याचा, ओझं उचलण्याचा. "तुमच्याकडे तिन्ही बंद. सायकलवर अंगाचा भार सीट घेते. मांड्या लोखंडाच्या झाल्या, पण हाडांना वाटलं तुम्ही आजारी पडून आहात."

"पण मी एवढा व्यायाम केला," भिंगरी म्हणाली. हे तिला कळतच नव्हतं. आळशी माणसाची हाडं खराब होतात असं ऐकलं असतं तर पटलं असतं.

"केलात ना. तुमचं काळीज घोड्याचं आहे. हाडं मात्र माझ्या आजीची."

"भरून येतील?"

डॉक्टरीणबाईंना खोटं बोलता आलं असतं. त्या बोलल्या नाहीत. "हाडं भरून ठेवायचं एक वय असतं. ते तुमचं उपाशी गेलं. आता गळती थांबवायचा प्रयत्न करू. औषधं घ्या, नीट खा, रोज चाला, झेपेल तसं थोडं थोडं वजन उचला. थोडं परत येईल. सगळं नाही येणार."

सायकल तिथेच सुटली. सर एकदा भेटायला आले, फळं घेऊन. पलंगाच्या पायथ्याशी उभे राहिले, "लवकर बरी हो," म्हणाले, आणि खुर्ची असून बसले नाहीत.

शिक्षण अर्धवट, अंगात दुसरं कसब नाही. शेवटी आईनेच धुलाईखान्याच्या मुकादमाला गळ घातली. मुकादम तोंडाचा फटकळ, पण मनाचा बरा. म्हणाला, "ओझं उचलायचं नाही म्हणते, मग इथे काय आरती ओवाळायची का तिला?" आणि दुसऱ्या दिवशी कोपऱ्यात एक खुर्ची टाकली. फाटलेल्या चादरी शिवायच्या, रुग्णांच्या झग्यांचे तुटलेले बंद लावायचे. ज्या तळघरात उतरायचं नाही म्हणून ती इतकी वर्षं पळाली, तिथेच ती दिव्याखाली सुई घेऊन बसली. समोर आई गठ्ठे उपसत असायची.

एकदा आई साबणाच्या पाण्यावरून घसरली. दोन्ही पाय वर गेले आणि साठीला टेकलेली ती थोराड बाई सिमेंटच्या जमिनीवर अशी आदळली की गरम रुळांपाशी उभ्या असलेल्या बायका किंचाळल्या. यंत्रं थांबली. मुकादम धावला. आई बसल्या जागी कंबर चोळत म्हणाली, "मला काय बघता? फरशी फुटली का ते बघा आधी!" सगळ्या हसल्या. आई उठली, एप्रन झटकला आणि अर्धा राहिलेला गठ्ठा उचलला.

भिंगरी हसली नाही. तिच्या हातातली सुई तशीच राहिली. तिला रडू येत होतं आणि ते आईच्या काळजीचं नव्हतं, हेच तिला जास्त लागत होतं. तिला आईचा हेवा वाटत होता.

संध्याकाळी बसथांब्यावर आईने आपणहून विषय काढला. "देता आली असती तर माझी अर्धी हाडं दिली असती गं तुला."

"राहू दे. तुझी मला ढगळ होतील."

आई हसली, मग हसता हसता पदर हाताला लागेना म्हणून एप्रनलाच डोळे पुसू लागली. "मी तेव्हा विचारलं होतं, पण अर्धवटच विचारलं. भानगड नाही एवढं कळलं, आणि मी निवांत झाले."

त्या संध्याकाळनंतर भिंगरीच्या डोक्याने घेतलं की आपलं झालं ते झालं, पण ट्रॅकवर अजून मुली आहेत. सुट्टीच्या दिवशी ती काठी टेकत तिथे गेली. दारात वजनकाटा होता, नवा. सर म्हातारे झाले होते, पण शिट्टी तीच. ट्रॅकवर एक पंधरा-सोळा वर्षांची मुलगी फेऱ्या मारत होती. सर तिला ठिणगी म्हणत. मुलीचे गुडघे मांड्यांपेक्षा रुंद दिसत होते. भिंगरीला ते गुडघे ओळखीचे वाटले.

"मी तुझं वाटोळं केलं, हे ऐकवायला आलीस का?" सरांनी विचारलं.

"नाही, सर. यांना पोटभर खायला सांगा. कोणाची पाळी थांबली की डॉक्टरकडे पाठवा. एवढंच सांगायला आले."

सरांनी ट्रॅककडे बोट केलं. "दुसरीकडच्या मुली हलक्या असतात. माझ्या पोरी जड झाल्या तर हरतील. हरल्या की आईबाप त्यांना दुसऱ्या कोणाकडे नेतील. तिथे काटा नसेल, असं वाटतं तुला?"

भिंगरीने काठी दुसऱ्या हातात घेतली.

"तुझ्या वेळी मला माहीत नव्हतं गं," सर म्हणाले. आवाज खरा होता.

"आता आहे ना माहीत?"

"हो," सर म्हणाले, आणि पुढच्या फेरीची शिट्टी वाजवली.

ठिणगी पाणी प्यायला कठड्याशी आली तेव्हा भिंगरीने तिला गाठलं. सगळं सांगितलं, खुबा, सळई, बरगडी. मुलीने नीट ऐकून घेतलं, वयाच्या मानाने फार नीट. मग म्हणाली, "ताई, माझी तर थांबून चार महिने झाले." त्यात थोडा अभिमानच होता. "एक विचारू? हे सगळं तुम्हाला तेव्हा कोणी सांगितलं असतं, तर सोडली असतीत सायकल?"

भिंगरीला वळणाची ती भिंत दिसत होती. तिथून झेपावताना कानात भरणारा वारा तिला या क्षणीही ऐकू आला. आपण काय उत्तर द्यायला हवं हे तिला पक्कं ठाऊक होतं.

"हो," ती म्हणाली. "सोडली असती."

मुलगी तिच्या तोंडाकडे बघत राहिली, मग हसली. वाईट नाही हसली. "खोटं," म्हणाली, आणि सायकलवर टांग टाकून गेली.

भिंगरी तिच्या घरीही गेली. ठिणगीची आई बुटांच्या दुकानात काम करायची, दमून आली होती. तिने दारातच ऐकून घेतलं. "राग मानू नका," ती शेवटी म्हणाली, "पण तुमचं पुढे काही झालं नाही म्हणून माझ्या मुलीचंही होऊ नये, असं वाटतं का तुम्हाला? तिच्याकडे दुसरं आहे काय?" कठडा धरून, एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकत ती जिना उतरली.

त्या हिवाळ्यात आई तापाने घरी होती. धुलाईखान्यात गाडी वळवताना वरचा एक गठ्ठा घसरला आणि भिंगरीच्या समोरच कलंडला. दुसरं कोणीही केलं असतं तेच तिने केलं, हात पुढे केले. गठ्ठा तिच्या हातात आला आणि पाठीत काहीतरी बसलं, भिजलेल्या मातीचं ढेकूळ दाबल्यावर खाली बसतं तसं. आवाजसुद्धा झाला नाही. तिने गठ्ठा हळूच खाली ठेवला, आपल्या खुर्चीपर्यंत गेली, आणि तिथून तिला उठता येईना. मुकादमाने तिला उचलून वर नेलं. जिना चढताना तो सारखा पुटपुटत होता, "काहीच वजन नाही, काहीच वजन नाही." एके काळी हे ऐकून तिचा दिवस सोन्याचा झाला असता.

मणका चेपला होता. कितीतरी आठवडे ती पाठीवर पडून राहिली. उठली तेव्हा तिची उंची थोडी कमी झाली होती आणि आईचे खांदे तिला पूर्वीपेक्षा वर दिसू लागले. आई तिला आंघोळ घालायची, एक हात पाठीमागे धरून पलंगावरून उठवायची. एवढ्या वर्षांत जड चादरी उपसलेले ते हात लेकीला मात्र काचेचं भांडं धरावं तसे धरायचे.

"माझ्या मागे तुला असं उठवणार कोण?" एकदा आईच्या तोंडून निघून गेलं.

"तोवर उठायचं कारणच उरणार नाही," भिंगरी म्हणाली. मग आईचा चेहरा बघून घाईने म्हणाली, "गंमत केली गं." पण गंमत नव्हती हे दोघींना कळलं होतं.

सांगितलेलं सगळं ती करत होती. औषधं घेत होती, समोर येईल ते पान रिकामं करत होती, आईचा हात धरून गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन येत होती. पाळी परत आली, कधी यायची, कधी नाही. आई त्या दिवशी सण असल्यासारखी खूश व्हायची, भिंगरीला मात्र काहीच वाटायचं नाही. मधे कोणीतरी सांगितलं की ठिणगी देशाच्या शर्यतीत पहिली आली. भिंगरीने ऐकलं, आणि दोरा सुईत ओवायला दिव्याजवळ धरला.

वर्षाने पुन्हा तपासणी झाली. डॉक्टरीणबाईंनी नवा कागद जुन्या कागदाशेजारी ठेवून बघितला. "घसरलेलं नाही," त्या म्हणाल्या. "तुमच्या बाबतीत हेच खूप समजा." त्यांच्या परीने ती चांगली बातमी होती, आणि भिंगरीने त्यांचे आभार मानले.

आई बाहेर बाकावर वाट बघत होती. लेक दिसताच ती गुडघ्यांवर हात टेकून उठली.

"काय म्हणाल्या?"

"आहे तसंच आहे."

"म्हणजे चांगलं?"

"म्हणजे आहे तसंच."

आईने दंड पुढे केला, भिंगरीने तो धरला, आणि दोघी जिन्याच्या दिशेने निघाल्या. तळघरात दुपारच्या चादरी येऊन पडल्या होत्या.